टँक म्हणजे टाकी

हमीदभाई, दुपारचे अडीच वाजलेत. शटर अर्ध्यावर ओढलंय, पंखा फिरतोय आणि मी पाइपांच्या बंडलाला पाठ लावून बसलोय. आपली खेळायची वेळ ही. फोन हातात आहे, पण खेळ उघडलेला नाही. उघडला की डाव्या बाजूला दोस्तांची यादी येते. तिच्यात तुमचं नाव करड्या रंगात असतं आणि खाली लिहिलेलं असतं, हा गडी बारा दिवसांपूर्वी येऊन गेला. त्या येड्या मशीनला कोण सांगणार? रोज एक दिवस वाढवून लिहितंय बिचारं.

तुमच्याबद्दल चार गोड ओळी लिहायला मी बसलेलो नाही. तसं लिहिणारे पुष्कळ भेटतील, तुमच्या गाड्यावर फुकट पपई खाल्लेलं अख्खं बस स्टँड आहे. मला तुम्हाला एक सांगायचं होतं आणि ते सांगायच्या आत तुम्ही गेलात. भादव्यातली ती बीडची स्पर्धा पुढं ढकलली, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ती ढकलली नव्हती. ठरल्या दिवशी झाली, आणि तुमच्या जागी दुसरा माणूस घेऊन मी खेळलो. हे तुम्हाला कळलं होतं का, या एका गोष्टीनं माझं डोकं खाल्लं. तुम्ही गेल्याच्या दुःखाच्या आधी मला तोच प्रश्न पडला, हेही सांगून टाकतो. माणूस किती हलकट असतो बघा.

पण असं एकदम शेवटाला नको जायला. दुपार मोठी आहे.

सहा वर्षं झाली असतील. मी दर गुरुवारी नांदूरघाटहून बीडला यायचो, दुकानासाठी नळ, एल्बो, सॉकेट, मोटारीचं सामान न्यायला. परतीची गाडी लागेपर्यंत तुमच्या गाड्याच्या सावलीत उभा राहायचो. हातात फोन, तोंडात शिव्या. तुम्ही दोन-तीन गुरुवार नुसतं बघितलं. चौथ्या गुरुवारी सुरीच्या टोकावर पपईची फोड धरून माझ्या नाकासमोर आणली आणि म्हणलात, “आप्पा, आदी हे खा. मंग मर.”

मी खरंच मेलो होतो तेव्हा, खेळात. मी तो सडपातळ तिरंदाज घ्यायचो, लांबून मारणारा, पण मला लांब थांबवत कुठं होतं? घुसायचो आणि मरायचो. पडद्यावर काळं व्हायचं आणि मी खेळाच्या आयमायचा उद्धार करायचो.

“कावून मरतो बे तू सारखा?” तुम्ही विचारलं.

“मधे कुणी थांबत नाही हो माझ्या. पुढं उभा राहून मार खाणारा माणूसच नाही आमच्यात.”

“असा बी माणूस असतो का त्यात? मार खायाचा?”

“असतो ना. तेवढंच काम असतं त्याला.”

तुम्ही हसलात. म्हणलात, “मंग ते तर मला येतंय.”

आमची टोळी होती चौघांची. मी, शिरूर कासारचा बंडू आणि त्याचे दोन चुलतभाऊ. बंडूची माणसं ऊसतोडीला जाणारी, त्यामुळं दसऱ्यापासून होळीपर्यंत ते तिघं कुठल्या कारखान्याच्या फडावर, कोणत्या बांधावर चढून रेंज शोधत खेळायचे, त्यांचं त्यांना ठाऊक. पाचवा तुम्ही झालात, दुपारी गाडा झाकून घरून खेळणारे. पाच आपले, पाच त्यांचे. तीन रस्ते, मधून आडवी नदी, दोन टोकांना दोन किल्ले. ज्याचा किल्ला पडला तो हरला. एवढंच. तुम्हाला मी गाड्यावर, एका दुपारी, सीताफळाच्या टोपलीवर फोन टेकवून शिकवलं. तो रेड्याच्या अंगाचा लढवय्या दाखवला, खांद्यावर भलंमोठं लाकडी फाटक घेऊन फिरणारा, आणि सांगितलं, “तुम्ही टँक घ्या.”

तुम्ही एकदम गंभीर होऊन विचारलं, “कोनती? पाचशेवाली का हजारवाली?”

मला वाटलं गंमत करताय. मी पोट धरून हसलो. तुम्हीही हसलात, मी हसलो म्हणून.

ती गंमत नव्हती, हे कळायला आठ महिने गेले. आठ महिने! तोवर माझा जीव टांगणीला. कारण तुम्ही काय करायचात, तर नदीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचात, बस. ना पुढं, ना मागं. ज्याला लागलं तो धावत तुमच्या पाठीमागं यायचा, तुम्ही त्याच्यावरचे घाव अंगावर घ्यायचात. तुमच्या डोक्यावर ती जीव दाखवणारी हिरवी पट्टी असायची, ती कमी कमी होत जायची आणि फोनमधून तुमचा आवाज यायचा, “घ्या, घ्या. अजून अर्धी हाय.” मग वेळानं, “तळाला लागली रे. आता जरा भरू द्या.” मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे माणसाची.

एका दुपारी समोरचे पाचही जण थकले होते, किल्ला उघडा पडला होता, एक धक्का दिला असता तर गडगडला असता. आणि तुम्ही आपले नदीत उभे.

मी ओरडलो, “हमीदभाई, टँक आहे तुमचा, टँक! घुसवा की आत!”

“टाकी कशी घुसवू बे? टाकी कुठं पळती का?”

“टाकी? कसली टाकी?”

“टँक म्हंजे टाकी ना? तुझ्या दुकानावर ठिवलेली हाय तशी. काळी.”

बंडू फडावर होता, तिकडं तो बांधावरून खालीच घसरला म्हणे. त्याचे भाऊ नुसते फॅ फॅ हसत होते. आमचा किल्ला पडला, आम्ही हरलो, तरी हसू थांबेना. मी मात्र तापलो होतो.

“रणगाडा हो, रणगाडा! मिलिटरीतला! तोफवाला!”

मागं कुकरची शिट्टी ऐकू आली. मग तुम्ही अगदी शांतपणे म्हणलात, “मंग पयलेच सांगायचं तसं. आता मला टाकीची सवय पडली.”

टाक्या विकणाऱ्या माणसानं टँक घ्या म्हणलं, तर दुसरं काय समजणार होता तुम्ही? चूक माझीच होती. आमच्या घराण्यात तीन पिढ्या पाण्याचाच धंदा आहे, आधी विहिरीचे रहाट, मग मोटारी, मग टाक्या. पण मला ते त्या दिवशी सुचलं नाही. मी तुमच्याशी भांडत बसलो, आणि ते भांडण आपलं साडेपाच वर्षं चाललं. मी म्हणायचो टँकनं आधी घुसायचं असतं, फळी फोडायची असते. तुम्ही म्हणायचात, “रनगाड्याच्या मागं कोन पानी प्यायला येतंय का, आप्पा? टाकी एका जागी पायजे. मान्साला म्हाईत पायजे, टाकी कुठं हाय ते.” मी म्हणायचो असं खेळून जिंकत नसतात. तुम्ही म्हणायचात, “मरत बी न्हाईत ना.” मी चिडायचो. “मग काय उपयोग?” तुम्ही म्हणायचात, “ते तुमी ठरवा.” आणि फाटक खांद्यावर घेऊन परत नदीत.

ती नदी तुम्हाला लई आवडायची. डाव सुरू व्हायच्या आधी अर्धं मिनिट मोकळं मिळतं, तेव्हा आम्ही सगळे हत्यारं घ्यायच्या गडबडीत आणि तुम्ही सरळ पाण्यात. त्या खेळात पाण्यातून चाललं की छपछप आवाज येतो. तुम्ही उगाच इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरायचात. फोनच्या बारक्या स्पीकरमधून त्या भर उन्हाळ्यात, टँकर आलेला नसताना, आमच्या दुकानात छपछप, छपछप. “बघ बे, बाराही म्हैने पानी,” तुम्ही म्हणायचात. “आपली बीडची बिंदुसरा बघ अन् ही नदी बघ.” मी डोळे मिटून ऐकायचो. लोखंड तापल्याचा वास यायचा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं, आणि कुठं तरी एक जाडजूड माणूस गुडघाभर पाण्यात फिरत असायचा. मला तेव्हा डुलकी लागायची. कित्येकदा तुमच्याच हाकेनं जागा झालोय, “आप्पा, झोपला का? सुरू झालं की.”

तुम्ही गेल्यापासून दुपारी डोळा लागला की तेच दिसतं. पाणी असतं, त्याला ते खेळातलं निळं असतं, पण काठावर तुमचा गाडा असतो, त्याच्यावर ओली गोणी टाकलेली. तुम्ही फाटक खाली ठेवून पाय धूत असता. मी काठावर उभा राहून काही तरी सांगत असतो आणि पाण्याच्या आवाजात तुम्हाला ऐकू येत नसतं. तुम्ही कानाला हात लावून “आं? आं?” करता. मी परत सांगतो. मग शटरवर कुणी तरी थाप मारतं, अर्धा इंची पाइप मागतं, आणि मी उठतो.

आणि तो रिक्षावाला आठवतोय का? आठवत असणारच, कान तुमचा होता. मी पाइपांचा भारा रिक्षाच्या टपावर बांधायला सांगत होतो, तो नाही म्हणत होता, मी त्याला काय तरी बोललो. माझं तोंड कसं आहे, तुम्हाला माहीतच. त्यानं हात उचलला आणि तुम्ही कधी गाड्यामागून निघालात, कधी मधे आलात, मला दिसलंच नाही. सण्णदिशी आवाज झाला. अख्खं स्टँड थांबलं. तुम्ही कान चोळत त्या रिक्षावाल्याला म्हणलात, “झालं? निघाला का राग? जा आता, सवारी हुबी हाय.” तोच खजील होऊन पाया पडायला लागला. मी तुम्हाला म्हणलो, कशाला मधे पडलात? तुम्ही म्हणलात, “माझी टाकी भरलेली व्हती, आप्पा. तुझी दिवसभर रिकामीच असती.”

आभार मानायचं तेव्हा सुचलं नाही. एक मोसंबी सोलून तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि मी ती खात खात गाडीत बसलो. आज मानतो.

आता भादव्याचं.

एका मंडळानं ती स्पर्धा ठेवली होती, कोचिंग क्लासच्या वरच्या हॉलात. बीडमध्ये पहिल्यांदाच असं काही होत होतं. बंडू आणि मंडळी अजून फडावर गेली नव्हती. पाचही जण एका छताखाली बसून खेळणार, हे ऐकून तुम्ही केवढे खूश झालात. सहा वर्षांत बंडूचं तोंड तुम्ही एकदाही बघितलं नव्हतं. “आवाजावरून तर काळा वाटतोय,” म्हणायचात.

स्पर्धेच्या आधल्या आठवड्यात आपण फोनवरच सरावाला बसलो आणि ओळीनं हरत गेलो. शेवटच्या डावात मी तुमच्या शेजारी उभा, दोघं जण झाडीतून माझ्यावर आले, ते तुमच्या डोळ्यांसमोरून आले, हमीदभाई, आणि तुम्ही हललाच नाहीत. मी मेलो. मग मी सगळ्यांच्या समोर ओरडलो, “दिसत नाही का तुम्हाला? आंधळे हायत का बे?”

‘बे’ तुम्ही मला म्हणायचात, मी तुम्हाला कधी म्हणलो नव्हतो. दहा वर्षांनी मोठे तुम्ही. तुम्ही म्हणलात, “न्हाई दिसले खरं.” एवढंच.

त्याच संध्याकाळी मी राहुलला फोन लावला. केजला मोबाइलच्या दुकानात असतो, हात असा चालतो की बघत राहावं. टँक घेतो आणि रणगाड्यासारखा घुसतो. तो हो म्हणला. मग तुम्हाला फोन लावला. फोन लागेस्तोवर ठरवत होतो की खरं सांगायचं. म्हणायचं, हमीदभाई, एवढ्या डावाला राहू द्या, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही फोन उचलला आणि आधीच म्हणलात, “आप्पा, मी त्या दिवशी गाड्यावर शेजारच्याला बसवतो, त्यो तयार झालाय.” माझ्या तोंडून निघालं, “स्पर्धा पुढं ढकलली, हमीदभाई. दिवाळीनंतर बघू म्हणतायत.”

“आरं,” तुम्ही म्हणलात. “बरं. तारीख आली की सांग.”

बंडूनं मला विचारलं होतं, “हमीदभाईला सांगितलं का पण?” मी म्हणलो, सांगितलं. त्याला वाटलं तुम्ही राजीखुशी बाजूला झालात, आणि बिचाऱ्यानं पुढं तुमच्यासमोर त्या विषयाचं नाव काढलं नाही, तुम्हाला लागेल म्हणून. असा एक खोटेपणा दोन्हीकडून झाकला गेला.

स्पर्धेच्या दिवशी मी बस स्टँडच्या मागच्या गेटनं बाहेर पडलो. पुढच्या गेटला तुमचा गाडा. सहा वर्षांत पहिल्यांदा बीडला येऊन तुमच्याकडं काही न खाता गेलो. मागच्या बाजूला चिखल होता, चप्पल रुतली, ती काढताना मी इकडं तिकडं बघत होतो, चोरासारखा. राहुल झकास घुसला. घुसला आणि एकटाच आत राहिला, आणि आम्ही बाहेर मरत होतो. पळत मागं यावं तर मागं नदीत कुणी नाही. दुसऱ्याच डावात हरलो. बंडू बाहेर जिन्यात बसून म्हणला, “आप्पा, मी तर दरवेळी हमीदभाईच्या मागंच पळत व्हतो की रं. पाय तिकडंच जात व्हते.” मी त्याच्यावर खेकसलो.

नंतरचे दोन महिने मला तुम्ही फार छळलं. म्हणजे मला तसं वाटलं. दसऱ्याला बंडू भावांसकट फडावर गेला, यंदा तिकडं बांधावरही रेंज नाही, दुपारी आपण दोघंच उरलो, बाकीचे तीन अनोळखी. आणि तुम्ही अचानक चांगले खेळायला लागलात! झाडीतून कुणी निघालं की माझ्या आधी तुम्हाला दिसायचं. “आप्पा, डावीकडं दोन.” “आप्पा, मागं हो.” मला एकदाही मरू दिलं नाही कित्येक दुपारी. आणि डाव संपला की त्या तुमच्या सावकाश आवाजात, “तारीख आली का, आप्पा?”

कोर्टात साक्षीला उभं केल्यासारखं व्हायचं मला. मनात म्हणायचो, याला सगळं कळलंय. कुणीतरी सांगितलं असणार, बीड केवढंसं. आणि हा माणूस आता खेळून दाखवतोय, बघ तू कुणाला सोडलंस. रोज एक चापट मारतोय, आवाज न करता. मी म्हणायचो, “नाही आली अजून.” तुम्ही म्हणायचात, “यील.” मला तुमचा राग यायला लागला होता, हमीदभाई. खोटं मी बोललो आणि राग तुमचा यायचा. गुरुवारी गाड्यावर यायचं मी टाळायला लागलो. आलो तरी उभ्या उभ्या, गाडी सुटतेय म्हणून पळायचो. तुम्ही पपई कापेस्तोवर मी निघालेलो असायचो.

दिवाळी झाली. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी तुम्ही मार्केटात माल बघता बघता खाली बसलात आणि उठलाच नाहीत. तुमच्या शेजारच्या गाडेवाल्यानं तुमच्याच फोनवरून मला कळवलं. फोनवर तुमचं नाव आलं तेव्हा मी मनात म्हणलो, आता सकाळी सकाळी तारीख विचारतोय. असं म्हणून मी फोन उचलला.

मी बीडला पोचेपर्यंत लोक कब्रस्तानातून परत आले होते, मी स्टँडवरूनच माघारी फिरलो. तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या दुआला, मी परत आलो, तुमच्या घरी. सहा वर्षांत पहिल्यांदा. तुमचं घर मी आवाजावरून ओळखत होतो. कुकर, कोंबड्या, शेजारची शिलाई मशीन, सगळं होतं तसंच. तुमच्या भावानं मला दारातल्या खाटेवर बसवलं. म्हणला, भाईजान इथंच बसून खेळायचे. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर चार महिने परक्या माणसासमोर यायच्या नाहीत, म्हणून आतल्या दाराला पडदा. मी भावाशी दोन शब्द बोललो आणि पडद्यामागून आवाज आला.

“आप्पाच ना तुमी? आवाजावरून वळखलं. रोज दुपारी आमच्या घरात वरडता की.”

मी मान खाली घातली. त्यांना कुठं दिसणार होती, पण घातली.

“तुमचं लई ऐकायचे ते,” भाभी म्हणल्या. “तुमी म्हणलते ना एकदा, दिसत न्हाई का म्हणून? मी हितंच व्हते. मला राग आलता. पण ते दुसऱ्याच दिवशी गेले डोळे तपासायला. नंबर निघाला. मला म्हणले, आप्पा बराबर बोलत व्हता, मला खरंच दिसत नव्हतं. चष्मा केला. गाड्यावर न्हाई घातला कधी, गिऱ्हाईक म्हातारा म्हणंल म्हणून. खेळापुरताच घालायचे.”

चष्मा, हमीदभाई. मी दोन महिने त्याला सूड समजत होतो आणि तुम्ही चष्मा केला होता.

मी काही बोलायच्या आत भाभींनी विचारलं, “अन् ते इनामाच्या खेळाचं काय झालं? तारीख आली का?”

त्यांनी अगदी तुमच्याच सुरात विचारलं. त्या सुरात काहीही नव्हतं. टोमणा नव्हता, संशय नव्हता, कधीच नव्हता. तुम्ही फक्त तारीख विचारत होता. तुम्हाला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. मी सांगितलं आणि तुम्ही ते धरून बसलात, आणि रोज दुपारी चष्मा लावून तयारी करत राहिलात. तुम्हाला कळलं असतं, तुम्ही मनातल्या मनात मला माफ केलं असतं किंवा शिव्या घातल्या असत्या, तर मी कसंही निभावून नेलं असतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होता. याचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आणि मी काय केलं? मी म्हणलो, “नाही आली अजून, भाभी.”

हो. तुमच्या खाटेवर बसून, तुमच्या जियारतीच्या दिवशी, परत खोटं बोललो.

“आली की सांगा,” भाभी म्हणल्या. “सना म्हणती, अब्बाच्या जागी मी बसते. तिला येतंय. त्यांनीच शिकवलंय.”

पडद्याच्या कडेला तुमच्या लेकीचा हात दिसला. कॉलेजच्या पोरीचा हात, अंगठ्याला शाई लागलेली. आता तीही तारखेची वाट बघणार. मी चहा तसाच ठेवून उठलो. स्टँडवर नांदूरघाटची गाडी समोर उभी होती, ती सोडून दिली. पुढच्या गेटला गेलो. तुमचा गाडा गोणीनं झाकलेला होता. तिथं उभा राहून मी रडलो, स्टँडवरच्या सगळ्या लोकांत. तो रिक्षावालाही तिथं होता. त्यानं मला पाणी आणून दिलं, कोण आहे ते ओळखून.

पुढचा गुरुवार म्हणजे काल. सामान घेतलं नाही, सरळ तुमच्या घरी आलो. सबंध रस्ता मनात वाक्यं जुळवत होतो आणि खाटेवर बसल्यावर एकही आठवलं नाही. भाऊ गाड्यावर गेला होता, दारात सना बसली होती, पडद्यामागं भाभी. मी म्हणलो, “भाभी, मी खोटं बोललो. तुमच्याशी बी, त्यांच्याशी बी. स्पर्धा झाली. भादव्यातच झाली. मीच त्यांना सांगितलं पुढं ढकलली म्हणून. त्यांना काढून मी दुसरा माणूस घेतला. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून खोटं बोललो. ते वाट बघत राहिले, ते माझ्यामुळं.”

सनानं माझ्याकडं बघितलं आणि ती उठून आत गेली. मशीन थांबली होती शेजारची, का मलाच ऐकू येत नव्हतं, कोण जाणे. मी बसून राहिलो. वाटलं, आता भाभी म्हणतील, चालते व्हा. म्हणायलाच पाहिजे होतं. मी चपलेत पाय घातला.

तेव्हा पडद्यामागून आवाज आला, भरलेला होता पण सरळ.

“मंग? जिंकले का तुमी?”

“न्हाई, भाभी. दुसऱ्याच डावात हरलो.”

“बरं झालं,” भाभी म्हणल्या.